कोन होय रे थो?

रात्री दोन वाजता जो दाराशी येतो तो चोरच असतो. त्याला आधी गोळी, चौकशी मग. हे आमच्या कॉलनीतल्या भाऊसाहेबांचं मत. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी ते इतक्यांदा मांडलंय की आता ते त्यांच्या एकट्याचं राहिलेलं नाही. स्टेशनासमोर कचोरी खाताना मी ते ऐकलं, एकादशीला मंदिराच्या रांगेत ऐकलं, एका तेरवीच्या पंगतीतसुद्धा ऐकलं. ऐकणारे माना डोलावतात. डोलावणारच. दोन गल्ल्या सोडून घरफोडी झाली आहे, चोर अजून सापडलेले नाहीत आणि ज्यांचं कपाट फुटलं त्यांची सून रात्रभर दिवा लावून बसते. भाऊसाहेबांनी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज आणला. तो भरायला त्यांनी मलाच बोलावलं, कारण मी मास्तर होतो आणि माझं अक्षर बरं आहे. अर्ज मी भरून दिला. मताचं काय करायचं ते इथे करतो.

बंदुकीचं मला वावडं नाही, हे आधी सांगून टाकतो. आमच्या घरात ती होती. नागझरीच्या वाटेवर आमचं वावर, आणि आजोबांकडे पीकसंरक्षणाचा परवाना. बारा बोअरची दुनळी. रानडुकरं एका रात्रीत एकर झोपवतात, रोह्यांचा कळप आला तर सकाळी नुसते बुडखे दिसतात. ज्यानं जागल केली नाही त्याला हे सांगून कळत नाही.

दिवाळीनंतरचे दिवस होते, ज्वारी हुरड्यावर आली होती. माळ्यावर आजोबा, आमचा सालदार आणि बारा-तेरा वर्षांचा मी. चंद्र उगवायचा होता. मधल्या तासांमध्ये खसखस सुरू झाली आणि धांडे हलू लागले. माझी खात्रीच पटली. डुक्कर. मी आजोबांच्या मांडीवरच्या बंदुकीला हात लावला, तसं त्यांनी माझं मनगट धरून नळी खाली दाबली आणि हाळी दिली, "कोन होय रे थो?"

धांडे थांबले. उत्तर नाही. डुक्कर असतं तर पळालं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की शिकार हातची जाते आहे. आजोबांनी पुन्हा विचारलं, आणि मग सालदाराला म्हणाले, "बॅटरी मार." बॅटरीच्या उजेडात एक बाई उभी होती. पदरात कणसं, कडेवर पोर. पोराच्या तोंडावर तिनं हात दाबून धरला होता, म्हणून आवाज आला नव्हता.

ती चोर होती. यात काही संशय नाही. कणसं आमची होती आणि ती विचारून घेतलेली नव्हती. आजोबा म्हणाले, "घेतले तेवढे ने बाई. पन रातच्यानं येत नको जाऊ, बार बसला असता." ती गेल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, "आवाजावर बार नाई टाकाचा. आवाज कोनाचाई असते."

भाऊसाहेबांच्या वाक्यात जी गफलत आहे ती या एका रात्रीत माझ्यापुरती उघडी पडली होती. त्यांच्या लेखी अनोळखी म्हणजे चोर आणि चोर म्हणजे जिवाला धोका. हे तीन वेगळे शब्द आहेत. अनोळखी माणूस चोर असेलच असं नाही, आणि चोरसुद्धा जिवावर उठलेला असेलच असं नाही. बंदूक फक्त तिसऱ्या शब्दासाठी असते. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जायला जी वाट आहे तिच्यावर चालायचं नाव पाहणं, विचारणं, ऐकणं. भाऊसाहेब ती वाट उडी मारून पार करू पाहतात, आणि त्या उडीला हिंमत म्हणतात.

त्यांचं उत्तर तयार असतं. "सर, चोर का तुमाले नाव सांगन? तुमी कोन-कोन करत बसान, अन् थो डोक्यात रॉड घालन."

चोर नाव सांगत नाही, कबूल. पण "कोण आहे?" हा प्रश्न नाव कळावं म्हणून विचारतच नाहीत. घरचं माणूस असलं तर ते बोलतं. चोर असला तर त्याला कळतं की घर जागं झालं, आणि बहुतेक चोरांना तेवढं पुरतं. तो कपाटासाठी आलेला असतो, तुमच्यासाठी नाही. राहिला तो, जो ऐकूनही पुढे येतो, हातात काही घेऊन येतो. त्याच्याबद्दल माझं आणि भाऊसाहेबांचं भांडणच नाही. भांडण आहे ते त्याला ओळखण्याच्या आधीच्या चार सेकंदांचं. फौजेतला पहारेकरी सरहद्दीवर भरलेली रायफल घेऊन उभा असतो, समोरून खरोखरचा शत्रू येण्याची शक्यता असते, तरी तो आधी "थांब, कोण येतंय?" असं आव्हान देतो. इंग्रजी फौजेतल्या पहारेकऱ्याच्या त्या प्रश्नाचं आपल्या शिपायांच्या तोंडी "हुकमदार" झालं, आणि तो शब्द कितीतरी कथा-सिनेमांत राहिला. सरहद्दीवर जे परवडतं ते शेगावच्या कॉलनीत परवडत नाही, असं भाऊसाहेबांना म्हणायचं आहे काय?

आणि वेळेचाच हिशेब करायचा तर पुरता करू. परवाना मिळाला, बंदूक आली. ठेवणार कुठे? शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची. म्हणजे कपाटात, कुलपात, गोळ्या काढलेली. घरात नातवंडं आहेत म्हटल्यावर भाऊसाहेबही तसंच ठेवतील. मग रात्री आवाज आला की चष्मा शोधायचा, किल्ली शोधायची, कुलूप काढायचं, गोळ्या भरायच्या. एवढं करायला ज्याला वेळ आहे त्याला दिव्याचं बटण दाबायला वेळ नाही? आणि किल्ली नको, कुलूप नको, भरलेली बंदूक उशाशीच हवी असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ची मुंबईतली सकाळ आठवा. अभिनेता गोविंदा घराबाहेर पडण्याच्या तयारीत होता, परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून सुटलं आणि गोळी त्याच्याच पायात घुसली. चोर नव्हता, अंधार नव्हता, घाई म्हणावी अशीही नव्हती. भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं.

बंदूकवाल्यांमधले जाणते लोक भाऊसाहेबांच्या बाजूचे नाहीत, ही तर आणखी गंमत. अमेरिकेत जेफ कूपर नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. पिस्तूल कसं चालवावं हे त्यानं दोन पिढ्यांना शिकवलं आणि घरोघरी बंदूक असावी असं म्हणणाऱ्यांचा तो गुरूच. बंदूक हातात धरणाऱ्यासाठी त्यानं चार नियम घालून दिले. त्यातला चौथा आजोबांचाच आहे: निशाण काय आहे याची खात्री करा. ती पटेपर्यंत घोडा नाही.

आपल्याकडच्या घरांत तर हा नियम दुप्पट लागू. सिमेंटच्या भिंतीचं ठीक आहे. पण मागचं पत्र्याचं न्हाणीघर, लाकडी दार, जाळीची खिडकी यांतून गोळी सरळ जाते आणि पलीकडे कोण झोपलंय हे विचारत नाही. उन्हाळ्यात अर्धं शेगाव गच्चीवर झोपतं. पारा पंचेचाळीसला टेकलेला, वीज गेलेली. रात्री दोन वाजता पाणी प्यायला जिन्यावरून अनवाणी कोण उतरतं? घरचीच सून, घरचाच म्हातारा. आणि बाहेरून कोण येतं? मुंबईहून सुटलेली विदर्भ एक्स्प्रेस उत्तररात्री इथे माणसं उतरवते. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, आणि कितीतरी भक्त, ज्यांना भक्तनिवासाचा रस्ता माहीत नसतो. माझंच घर स्टेशनाजवळ आहे. वर्षातून पाच-सात वेळा तरी अपरात्री फाटक वाजतं. एकदा एक बाप झोपलेली मुलगी खांद्यावर टाकून उभा होता, ऑटो मिळत नव्हता, प्यायला पाणी मागत होता. एकदा एक दारू प्यालेला माणूस माझं घर स्वतःचं समजून कडी वाजवत राहिला आणि बायकोच्या नावानं शिव्या देत राहिला. चोर एकदाही नव्हता. उद्या येणार नाही असं मी म्हणत नाही. पण रात्री दार वाजवणाऱ्या प्रत्येकाला गोळी घालायची ठरली तर या गावाचं गावपणच बंद करावं लागेल. इथला निम्मा धंदा अनोळखी माणसाला दार उघडण्यावर चालतो.

माळ्यावर माझ्या हातून होता होता राहिलेली चूक ही काही जुन्या जमान्यातली गोष्ट नाही. २०२५च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांची टोळी डुकरं मारायला गेली. त्यांच्यातलाच एक मागून येत होता. हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी घातली, माणूस गेला. घाबरून बाकीच्यांनी प्रेत झाडीत लपवलं, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत पोचायला काही दिवस लागले. ही माणसं बंदूक चालवण्यात भाऊसाहेबांपेक्षा शंभरपट तरबेज. मेला तो त्यांच्याच गावचा.

आता कायदा. भाऊसाहेबांचा हा आवडता मुद्दा, कारण कुठल्याशा वकिलानं त्यांना सांगितलंय की रात्री घरफोडी करणाऱ्याला जिवे मारलं तरी गुन्हा होत नाही. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खाजगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. जुन्या दंडविधानात ती ९६ ते १०६ होती. कलम ४१ म्हणतं की मालमत्तेचं रक्षण करताना काही गुन्ह्यांच्या बाबतीत हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जातो, आणि त्या यादीत सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी आहे. इथपर्यंत वकील बरोबर. पण त्याच यादीत साधी चोरी अशी मोकळी घातलेली नाही. चोरीसाठी अट आहे: मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटण्यासारखी परिस्थिती हवी. म्हणजे पदरात कणसं घेतलेली ती बाई कायद्यानंही बाराच्या बाहेर होती; आजोबा कलम न वाचता बरोबर होते. कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येणार नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. आणि घरफोडी म्हणजे घरात शिरणं. भिंतीवरून उडी मारून अंगणात उभा असलेला माणूस अजून घरफोड्या झालेला नाही.

"पन मले वाटलं ना थो चोर होय म्हनून!" वाटलं, हेही कायदा ऐकून घेतो. वस्तुस्थितीबद्दलच्या चुकीला आपल्या कायद्यात माफी आहे. मात्र ती चूक सद्भावनेनं झालेली हवी, आणि सद्भावनेची व्याख्या संहितेत उलट्या बाजूनं दिली आहे: योग्य दक्षता आणि लक्ष न देता केलेली कुठलीही गोष्ट सद्भावनेनं केली असं म्हणता येत नाही. दिवा न लावणं, हाक न मारणं, आधी गोळी अन् मग चौकशी करणं याला दक्षता म्हणतात हे भाऊसाहेबांनी न्यायाधीशांना पटवून द्यावं. गावभर आधीच बोलून ठेवलेलं ते वाक्य साक्षीदारांच्या तोंडून कोर्टात येईल तेव्हा तर ते अधिकच पटेल.

इथे एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाते, ती लपवत नाही. चुकून मारणारे आपल्या कोर्टातून सुटलेले आहेत. १९५८ साली ओरिसातल्या एका ओसाड विमानतळावर रात्री काही आदिवासी बायका कंदील घेऊन मोहाची फुलं वेचत होत्या. तिथे आलेल्या एका नेपाळी नोकराला झाडाखाली हलणारे ते आकार भुतं वाटले. तो खुकरी काढून धावला; एक बाई मेली, इतर जखमी झाल्या. पुढे उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं, कारण समोर भुतंच आहेत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याआधी १९५२मध्ये आपल्या नागपूर उच्च न्यायालयानं एक निकाल दिला. आपल्या म्हणतो, कारण तेव्हा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि शेगावचं अपील नागपूरलाच जायचं. चिरंगी नावाचा एक माणूस मुलाला घेऊन जंगलात पानं गोळा करायला गेला. पायाला गळू, अंगात ताप, तापात भ्रम. त्याला समोर वाघ दिसला आणि त्यानं कुऱ्हाड घातली. तो त्याचा एकुलता मुलगा होता. न्यायालयानं त्यालाही सोडलं.

कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही खटले शेजारी-शेजारी वाचतात, "निर्दोष" या शब्दाखाली रेघ ओढतात आणि पान उलटतात. चिरंगी त्या दिवशी कोर्टातून निघून ज्या घरी गेला असेल त्या घराचा विचार करायला अभ्यासक्रमात जागा नाही. भाऊसाहेबांना मी एवढंच विचारलं, की तुम्हाला सुटायचंय की घरचं कुणी वाचवायचंय? दोन्हींसाठी एकच बंदूक पुरत नाही. आणि तापात बरळणाऱ्याला किंवा भुताला भिणाऱ्याला जी सवलत मिळाली, ती शुद्धीत असलेल्या, परवाना घेतलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या पेन्शनरला मिळेल असं कुणी समजू नये.

परदेशात तर ती मिळाली नाही, आणि मिळाली तिथेही समाधान झालं नाही. ऑस्कर पिस्टोरियस हा दक्षिण आफ्रिकेचा धावपटू. १४ फेब्रुवारी २०१३च्या पहाटे त्यानं प्रिटोरियातल्या घरी संडासाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकँप होती. बचाव एकच: मला वाटलं आत चोर शिरलाय. खालच्या कोर्टानं तो सदोष मनुष्यवधापर्यंत मान्य केला. २०१५च्या डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयानं तो फिरवून खून ठरवला, आणि त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. आत कोण आहे हा प्रश्नच गौण, असं ते न्यायालय म्हणालं. एवढ्याशा खोलीत दारातून चार गोळ्या झाडल्या तर आत जो कुणी असेल तो मरेल हे याला दिसत होतं, आणि आपल्या जिवाला नक्की काय धोका आहे हे त्यानं पाहिलंच नव्हतं. म्हणजे आत खरंच चोर असता तरी. याच्या उलट गोष्ट अमेरिकेतल्या बॅटन रूजची. १९९२च्या ऑक्टोबरमध्ये योशिहिरो हट्टोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी सोंगांच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घराची घंटा वाजवून बसला. घरमालकानं बंदूक रोखून "हलू नकोस" अशा अर्थाचा शब्द ओरडला. परक्या भाषेतल्या मुलाला तो कळला नाही, तो हसत पुढे आला आणि मेला. फौजदारी खटल्यात मालक सुटला. दिवाणी खटल्यात त्याच्यावर साडेसहा लाख डॉलर बसले. इथे तर मालकानं हाक मारली होती! भाऊसाहेब तेवढीही मारायला तयार नाहीत.

मग ते इतिहासावर येतात. इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केलं, बंदूक हा स्वाभिमान आहे, टिळक महाराज काय म्हणाले वगैरे. यातही तथ्य आहे. लॉर्ड लिटनचा शस्त्र कायदा मार्च १८७८चा, आणि तो उघडउघड भेदभावाचा होता. युरोपियनांना मोकळीक, हिंदी माणसाला परवाना. राष्ट्रसभेनं त्याविरुद्ध ठराव केले. खुद्द गांधींनी १९३०मध्ये आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत ही एक होती, फक्त लोकांच्या नियंत्रणाखाली. पण या मंडळींचं भांडण शस्त्र कुणाच्या हाती असावं याबद्दलचं होतं. अंधारात कुणावरही झाडावं, हे त्यांच्यापैकी कुणाचं म्हणणं होतं? स्वाभिमानाचं म्हणाल तर बीडकडे पाहा. २०२४च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि लोकांच्या नजरेत आलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत. कमरेला रिव्हॉल्व्हर लावून रील काढणारे पठ्ठे तिथे होते. मग परवाने रद्द करण्याची मोहीम निघाली. त्यातल्या कितींनी कधी चोर पाहिला असेल? आपल्याकडे सातपुडा ओलांडला की पाचोरीसारख्या गावांतून परवान्याशिवायचा कट्टाही येतो. स्वाभिमान स्वस्त आहे.

पण मला १८७८ हे साल वेगळ्याच कारणानं सुटत नाही. लिटनचा कायदा मार्चमधला. त्याच्या आदल्याच महिन्यात, २३ फेब्रुवारीला, आमच्या गावात देविदास पातुरकरांच्या घरापुढे उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अगरवालांना दिसला. अंगात जुनी बंडी, नाव नाही, गाव नाही. तहान लागली तेव्हा गुरांच्या हाळातलं पाणी प्याला. आजच्या भाषेत त्याचं वर्णन करून पाहा: अनोळखी इसम, वेडसर, घराभोवती संशयास्पदरीत्या फिरताना आढळला. मोबाईलवर फोटो गेला असता. बंकटलाल थांबले, पाहिलं, दामोदरपंत कुलकर्ण्यांना दाखवलं, विचारलं. गजानन महाराज कोण, कुठले, कुठून आले हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. गाव मात्र त्यांच्या नावानं ओळखलं जातं. याच गावात त्यांना उसांनी झोडपणारी पाटलांची पोरंही होती, हेही महाराजांच्या पोथीतच आहे. म्हणजे भाऊसाहेबांचा पंथ इथे जुनाच आहे. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले. "महाराजायची गोष्ट येगळी होय, सर." येगळी खरी. पण ती वेगळी आहे हे त्या दिवशी दुपारी कुणाला माहीत होतं?

भाऊसाहेबांच्या हातात अजून बंदूक नाही, पण त्यांचं वाक्य महाराष्ट्रात बंदुकीवाचूनही चाललेलं आहे. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे निरोप मोबाईलवर आधीच पोचलेले. पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना फिरताना पाहिलं हाच पुरावा. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १६ एप्रिल २०२०च्या रात्री, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक. टाळेबंदी, रात्रीचे पहारे, चोरांची अफवा. तिघे सुरतेला अंत्यविधीला निघाले होते. तिथे पोलीससुद्धा उभे होते. दोन्हीकडे मारणारे गुंड नव्हते, पहारा देणारे, लेकराबाळांची काळजी असलेले, तुमच्या-आमच्यासारखे घरंदाज भित्रे लोक होते. मला याचीच धास्ती वाटते. चोराची भीती खोटी नसते, पण ती ज्या माणसावर निघते तो बहुधा दुसराच असतो.

"मंग काय करावं? पोलीस येतेत का?" हा भाऊसाहेबांचा शेवटचा मुद्दा, आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. गस्त वाढली पाहिजे, ११२ लावला की गाडी वेळेत आली पाहिजे, फुटलेल्या कपाटाचा तपास पंचनाम्यापुढे गेला पाहिजे, याबद्दल ते मोर्चा काढत असतील तर मी पुढे चालतो. तोवर अंगणात दिवा ठेवा, मागच्या दाराला आतून आडणा घाला, शेजाऱ्याचा नंबर पाठ करा, कुत्रं पाळा. आवाज आला की सगळे एका खोलीत, दार लावून, आणि आतून जोरात विचारा. शेजारी जागे होतील एवढ्या जोरात. त्यानंतरही जो दार फोडून आत येईल त्याच्याशी काय करायचं ते करा. तेव्हा तो कोण आहे हे तुम्हाला कळलेलं असेल. रुबाब नाही यात, मान्य.

अर्ज भरताना एक रकाना आला, शस्त्र कशासाठी हवं. भाऊसाहेबांनी सांगितलं, "घराचं अन् कुटुंबाचं संरक्षण." मी लिहिता लिहिता सहज विचारलं, कुटुंबात कोण कोण? त्यांनी बोटं मोजली. मंडळी, मुलगा, सून, धाकटी नात, आणि मुंबईला नोकरीला असलेला नातू. नातवाचं नाव निघाल्यावर चेहरा उजळला. सणावाराला रात्रीच्या गाडीनं येतो म्हणाले, न कळवता, आजीला चकित करायला.

"अन् पोट्टा कसा येते मालूम आहे का, सर? फाटक करकरते ना आपलं, म्हातारीची झोप मोडन म्हनून मागच्या भिंतीवरून उडी मारून येते. चपला हातात घेऊन. पत्ता नाई लागू देत."

मी पेन थांबवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिडकीतून त्या भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "त्या फाटकाले तेल घालून घेतो आता. पुढून येईन मंग थो."

मी म्हटलं, "तेल नका घालू, भाऊसाहेब. करकरू द्या. फक्त त्याला सांगा, पुढून ये, अन् आजीला हाक मार."